कॅलिब्रेशनआधी मीटर लावा : इलेक्ट्रिक लिफ्टच्या जॉयस्टिकचे प्रश्न

गोदामात रॅक लावायला, शेडमधले दिवे बदलायला, डक्टिंगला, पेंटिंगला माणसांना उंचावर नेणाऱ्या, बॅटरीवरच्या सीझर लिफ्ट आणि बूम लिफ्ट आता सगळीकडे दिसतात. या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : ‘जॉयस्टिकचं कॅलिब्रेशन गेलंय, परत कसं करायचं?’ कॅलिब्रेशन म्हणजे दांड्याचा मध्य कुठे आणि टोकं कुठे, हे मशीनला नव्यानं शिकवणं. पत्रं नीट वाचली, की कळतं कॅलिब्रेशन खरोखर गेलेली मशीन त्यांत थोडीच आहेत. बाकीच्यांचं दुखणं वेगळं आहे आणि कॅलिब्रेशन हे त्यावरचं पांघरूण. खालचे आकडे २४ व्होल्टच्या मशीनमध्ये सर्रास आढळणारे आहेत. तुमच्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

प्रश्न : सीझर लिफ्टचा ट्रिगर दाबला, की दांडा न हलवताही मशीन हळूहळू पुढे सरकायला लागतं. कॅलिब्रेशन केलं की चार-सहा दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. जॉयस्टिक बदलायची का?
(देखभाल विभागातला वाचक, चाकण)

उत्तर : आधी एवढं पाहा, ट्रिगर, म्हणजे मशीन चालवताना दाबून धरावा लागणारा दांड्यावरचा स्विच, सोडल्यावर मशीन थांबतं ना? ट्रिगर सोडूनही सरकत असेल तर जॉयस्टिकचा विषयच संपला. ट्रिगरचा स्विच किंवा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) चिकटलाय, नाहीतर ब्रेक धरत नाही. असं मशीन त्या क्षणी कामातून बाहेर काढा, किल्ली खिशात ठेवा. थांबत असेल तर पुढे वाचा.

तुमच्या प्रकारच्या जॉयस्टिकला कंट्रोलर, म्हणजे दांड्याचा सिग्नल वाचून मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, ५ व्होल्ट पुरवतो. दांडा मध्ये असताना सिग्नल साधारण २.५ व्होल्ट, पूर्ण पुढे ४.५ आणि पूर्ण मागे ०.५. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन व्होल्टचा प्रवास. मध्याच्या आसपासची थोडी हालचाल कंट्रोलर मुद्दाम मोजत नाही. तो डेडबँड. ५ टक्के धरला तर तो होतो ०.१ व्होल्ट. आता मध्य २.५ वरून २.६२ वर सरकला, तर कंट्रोलरच्या हिशेबानं दांडा सहा टक्के पुढे आहे, आणि तो इमानदारीत मशीन पुढे नेतो. कॅलिब्रेशन करून तुम्ही त्याला सांगता, ‘बाबा रे, २.६२ हाच मध्य समज.’ तो समजतो. पण २.६२ का झालं, हे कुणी विचारलेलंच नसतं. कारण तसंच राहिलं, की पुढच्या आठवड्यात २.७० होतं आणि तुम्ही पुन्हा कॅलिब्रेशनला बसता.

तेव्हा मोजा. प्लॅटफॉर्म पूर्ण खाली, चाकांना ठोकळे, किल्ली चालू, ट्रिगरला हात लावायचा नाही. जॉयस्टिक वाचणारं कार्ड काही मशीनमध्ये वरच्या कंट्रोल बॉक्समध्येच असतं, काहींत खाली. ते असेल तिथे मीटरचं काळं टोक त्या कार्डाच्या निगेटिव्ह पिनवर लावा. चॅसीवर नको आणि जॉयस्टिकच्या पिनवरही नको, नाहीतर सगळं गणित फसतं. लाल टोक सिग्नलवर. टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूनं, वायरीलगत बारीक सुईनं घाला. पुढून खुपसलं तर पिनची पकड सैल होते आणि नव्यानं लूज कॉन्टॅक्ट तयार होतो.

तीन आकडे लिहून घ्या : मध्य, पूर्ण पुढे, पूर्ण मागे. बिघाड कुठे आहे हे त्या तीन आकड्यांच्या चालीवरून कळतं.

मागचं टोक ०.५ वरून ०.६ कडे चढलं, मध्य २.५५ झाला आणि पुढचं टोक मात्र जवळपास जागेवर आहे, तर जॉयस्टिकच्या निगेटिव्ह वायरीत अडथळा आहे. उलट पुढचं टोक ४.४ पर्यंत उतरलं, मध्य २.४५ झाला आणि मागचं टोक जागेवर आहे, तर ५ व्होल्टच्या वायरीत अडथळा आहे. तिन्ही आकडे सारख्याच मापानं सरकले तर दांड्याच्या शाफ्टवरचा सेन्सर किंवा चुंबक जागचा हलला आहे. दोन्ही टोकं बरोबर पण मध्य एकटाच सरकलाय, तर स्प्रिंग थकली आहे किंवा पिव्हट झिजलाय. हे ओळखायची आणखी एक खूण आहे. दांडा पुढून सोडून मध्यावर येऊ द्या आणि वाचन घ्या, मग मागून सोडून घ्या. दोन वाचनांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर त्या स्प्रिंगवर विश्वास ठेवू नका.

बऱ्याच जॉयस्टिकना सुरक्षिततेसाठी दोन सिग्नल असतात. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. अशी असेल तर काम आणखी सोपं. दांडा कुठेही ठेवा, दोन्ही सिग्नलची बेरीज ५ व्होल्टच आली पाहिजे. बेरीज ५.१ आली तर निगेटिव्हमध्ये ०.१ व्होल्ट अडकतोय, ४.९ आली तर पॉझिटिव्हमध्ये. बेरीज बरोबर ५ आणि तरी मध्य हललेला, तर दोष वायरिंगमध्ये नाही, जॉयस्टिकच्या यंत्रभागात आहे. काही जॉयस्टिकमध्ये दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो. तिथे बेरीज न करता गुणोत्तर पाहायचं.

‘आम्ही वायर तपासली, बझर वाजतो’ असं तुमच्या पत्रात आहे. तो बझर तीस-चाळीस ओमचा अडथळा असला तरी वाजतो. हॉल सेन्सरची, म्हणजे चुंबकाच्या जागेवरून दांडा ओळखणारी जॉयस्टिक साधारण १० ते २० मिलिअँपिअर घेते. २० मिलिअँपिअरला वाटेत फक्त ५ ओम आडवे आले की ०.१ व्होल्ट गेला, म्हणजे मध्य ०.०५ नं सरकून अर्धा डेडबँड खाल्ला. म्हणून बझर नको, व्होल्टेज ड्रॉप मोजा. एक टोक कार्डाच्या निगेटिव्हवर, दुसरं जॉयस्टिकच्या निगेटिव्ह पिनवर, मशीन चालू. ०.०२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर मधला प्रत्येक जोड उघडून पाहायचा. केबल बॉक्समध्ये शिरते तिथलं वळण हाताने हलवत वाचन बघत राहा. आवरण शाबूत असतं आणि आतल्या तारा एकेक करून तुटत जातात, त्या बहुधा इथेच.

तुमच्या वर्णनावरून, चार-सहा दिवसांत पुन्हा बिघडणं हे जोडाचं लक्षण वाटतं, जॉयस्टिकचं नाही. तीन आकडे घेतल्याशिवाय नवी मागवू नका.

एक पुरवणी. जुनी, पोटेन्शिओमीटरची (ट्रॅकवर सरकणाऱ्या संपर्काची) जॉयस्टिक असेल तर तिचा कार्बन ट्रॅक मध्यापाशीच सर्वांत आधी झिजतो, कारण दांडा दिवसभर तिथेच थरथरत असतो. साधा डिजिटल मीटर ती खाच दाखवत नाही, तो सरासरी दाखवतो. मीटरला किमान-कमाल नोंदवण्याची सोय असेल तर ती लावून दांडा अगदी सावकाश फिरवा. नाहीतर काट्याचा जुना मीटर काढा. काटा मध्येच गचका खातो, तिथे ट्रॅक गेलेला. ट्रॅकवर तेलकट स्प्रे मारून दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ चिकटते. ती जॉयस्टिक बदलायचीच.

प्रश्न : आमच्या एका मशीनवर ‘जॉयस्टिक न्यूट्रलमध्ये नाही’ असा फॉल्ट येतो. सकाळी कधी येत नाही, दुपारनंतर येतो, तोही बहुतेक रॅम्प चढताना. किल्ली बंद-चालू केली की जातो. जॉयस्टिक बदलून पाहिली, फरक नाही.
(लिफ्ट भाड्यानं देणारे वाचक, भिवंडी)

उत्तर : ‘दुपारनंतर’ आणि ‘रॅम्प’ या दोन शब्दांतच तुमचं उत्तर आहे. बॅटरी पाहा.

हे कसं घडतं ते समजून घ्या. रॅम्पवर मोटर भरपूर करंट ओढते. दुर्बळ बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, कंट्रोलर बंद पडतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. सुरू होताना तो पहिली चौकशी करतो की दांडा मध्यावर आहे का. ऑपरेटरनं तर दांडा पुढे दाबून धरलेला आहे! झालं, ‘न्यूट्रलमध्ये नाही’ असा फॉल्ट. जॉयस्टिकनं सांगितलं ते अक्षरशः खरं असतं. खोटं पडतो तो आपण काढलेला अर्थ.

बहुतेक सीझर लिफ्टमध्ये ६ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या असतात. पूर्ण चार्ज करून काही तास विसावल्यावर पॅक २५.४ व्होल्टच्या आसपास हवा. २४.२ म्हणजे निम्मा रिकामा. पण विसाव्याचं वाचन फसवं असतं. मीटर पॅकला लावून ठेवा आणि मशीन रॅम्पवर चढवा. भारामध्ये २१-२२ च्या खाली डुबकी मारत असेल तर जॉयस्टिकला दोष देऊ नका. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, तीही भारामध्येच. तीन ५.७ वर आणि एक ४.८ वर, असं दिसलं की गुन्हेगार सापडला. चारही एकसारख्या आणि तरी पॅक पडतोय, तर टर्मिनल, मधल्या जोडकेबल आणि मेन फ्यूजचे बोल्ट पाहा. काम केल्यावर हात लावून जो जोड गरम लागतो, तो सैल किंवा गंजलेला. हात लावण्याआधी मेन डिस्कनेक्ट काढा. अंगठी, कडं, घड्याळ हातात नको.

बॅटऱ्यांत डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यानंतर भरा. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये आम्ल उतू जातं, खालच्या कनेक्टरवर पडतं, आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडे दुसरं पत्र येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र तेवढ्या बुडतील इतकंच पाणी चार्जिंगआधी घाला.

हाच फॉल्ट सकाळी पहिल्याच किल्लीला येत असेल तर ट्रिगर पाहा. साइटवर बोट दुखतं म्हणून ट्रिगर केबल टायनं बांधून टाकायची खोड आहे. सुरू होताना ट्रिगर दाबलेला दिसला की कंट्रोलर चालायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे. हात घसरला, चक्कर आली, तर मशीन थांबवणारी ती एकच गोष्ट असते. टाय कापा आणि ज्याच्या शिफ्टमध्ये बांधला गेला त्याला मशीनवरून उतरवा.

प्रश्न : जॉयस्टिक नवीन बसवली. आता कॅलिब्रेशन नेमकं कोणत्या क्रमानं करायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.
(सर्व्हिस टेक्निशियन, शारजा)

उत्तर : प्रत्येक जण वेगळं सांगतो, कारण प्रत्येक मशीनची पद्धत वेगळी आहे. कुठे हातातला अ‍ॅनलायझर (कंट्रोलरच्या सेटिंग वाचणारं-बदलणारं छोटं यंत्र) जोडून मेनूत जावं लागतं, कुठे खालच्या कंट्रोलवरची बटणं ठरावीक क्रमानं दाबावी लागतात. काही बूम लिफ्टमध्ये किल्ली प्लॅटफॉर्मवर ठेवून, लाल इमर्जन्सी बटण बाहेर ओढून, इंजिन असेल तर ते सुरू न करता जॉयस्टिकचा कनेक्टर साधारण १० सेकंद काढतात, अलार्म वाजला की परत लावतात. मग दांडा एका टोकाला ५ सेकंद, मध्यावर क्षणभर, दुसऱ्या टोकाला ५ सेकंद, परत मध्यावर, आणि पुन्हा अलार्म वाजला की झालं. ही युक्ती सगळ्या मशीनना लागू नाही. दुसऱ्या मशीनवर चालू स्थितीत कनेक्टर काढाल तर फक्त नवा फॉल्ट मिळेल. मॅन्युअल मॉडेल नंबरावरून न शोधता सीरियल नंबरावरून शोधा. एकाच मॉडेलमध्ये मध्येच कंट्रोलर बदललेला असतो.

मात्र तयारी आणि क्रम सगळीकडे जवळपास सारखे आहेत.

मशीन सपाट जमिनीवर, प्लॅटफॉर्म खाली, बॅटरी चार्ज झालेली. जुनी सेटिंग कागदावर उतरवा किंवा स्क्रीनचा फोटो काढा. हे टाळलं की अर्ध्या वाटेवर बॅटरी गेली तर मूळ आकडे कुठून आणणार? नव्या जॉयस्टिकचे तीन आकडे मीटरनं घ्या. नवी म्हणून ती बरोबर असेल असं गृहीत धरू नका.

मध्य शिकवताना दांड्याला हात नको. बोट टेकलेलं असलं तरी चूक शिकवली जाते. टोक शिकवताना दांडा सरळ रेषेत, आडवा न पिळता, अडेपर्यंत न्या आणि तिथे शांत धरा. जोर लावून वाकवून धरलात तर रोजच्या वापरात दांडा तिथवर पोचतच नाही, आणि मग ‘मशीनला पूर्ण वेग येत नाही’ ही तक्रार सुरू होते. दांड्याला दोन दिशा असतील, उदाहरणार्थ पुढे-मागे ड्राइव्ह आणि आडवं टर्नटेबल (बूमचा फिरता तळ), तर प्रत्येक दिशा वेगळी शिकवा.

त्यानंतर थ्रेशोल्ड, म्हणजे हालचाल नुकती सुरू होते तो बिंदू. मग कमाल वेग. सर्वांत शेवटी रॅम्प, म्हणजे वेग किती सेकंदांत चढायचा-उतरायचा ते. हा क्रम उलटा केला तर आधी केलेलं सगळं वाया जातं, कारण बाकीच्या तिन्ही गोष्टी जॉयस्टिकच्या मध्य आणि टोकांवर उभ्या आहेत. हायड्रॉलिक मशीन असेल तर थ्रेशोल्ड लावायच्या आधी तेल दहा-पंधरा मिनिटं फिरवून कोमट करा. तुमच्याकडे हिवाळ्याच्या पहाटे लावलेला थ्रेशोल्ड दुपारी जोरकस वाटतो.

मग चाचणी. जमिनीवर १२ मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. ताशी ४ किलोमीटर वेगाची सीझर लिफ्ट हे अंतर सुमारे ११ सेकंदांत कापते. पुढे आणि मागे लागणाऱ्या वेळात फार फरक नको. प्लॅटफॉर्म वर उचललेला असताना वेग आपोआप कमी झाला पाहिजे. ताशी ०.८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या मशीनला तेच १२ मीटर ५४ सेकंद लागतात. त्यापेक्षा लवकर पोचलं तर मशीन साइटवर पाठवू नका. दांडा अर्ध्यावर असताना ट्रिगर सोडून पाहा, मग लाल बटण दाबून पाहा. दोन्ही वेळा मशीन थांबलंच पाहिजे. ही चाचणी मोकळ्या, सपाट जागेत, आसपास माणसं नसताना. झाल्यावर तारीख आणि तिन्ही आकडे मशीनच्या वहीत लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा तीच नोंद कामाला येईल.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की आमच्या बूम लिफ्टची जॉयस्टिक वेडावते. ऊन पडलं की आपोआप बरी होते. प्लास्टिकची पिशवी बांधूनही फरक नाही.
(जेट्टीच्या कामावरचे वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पिशवीमुळेच बिघडत असेल. खालून करकचून बांधलेल्या पिशवीत दिवसा वाफ साठते आणि रात्री तिचं पाणी होऊन बॉक्सवर थेंब धरतात. झाकायचं तर वरून टोपीसारखं झाका, खालून हवा खेळू द्या.

पाणी शिरतं ते बहुधा दांड्याच्या रबरी बुटातून, म्हणजे त्याच्या बुंध्याभोवतीच्या घड्यांच्या आवरणातून. बुटाच्या घड्या बोटांनी उलगडून पाहा. घडीच्या तळाशी केसाएवढी चीर असते आणि वरून ती दिसत नाही. दुसरी जागा म्हणजे बॉक्सच्या झाकणाचं गॅस्केट, तिसरी केबलची ग्लँड, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथली आवळपट्टी. केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न जाता झोक्यावरून टपकून जाईल.

सिग्नलच्या पिना आणि शेजारच्या ५ व्होल्टच्या पिनेमध्ये खाऱ्या ओलाव्याचा पडदा धरला की थोडा करंट तिथून झिरपतो आणि वाचन वर ढकललं जातं. म्हणून ऊन पडलं की सगळं पूर्ववत. अशा वेळी कॅलिब्रेशन करणं सर्वांत वाईट, कारण ओल्या जॉयस्टिकचा मध्य कंट्रोलर शिकतो आणि कोरडी झाल्यावर मशीन उलट्या दिशेला सरकायला लागतं.

मेन डिस्कनेक्ट काढा, कनेक्टर सोडवा. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. पॉलिश पेपर नको, पिनेवरचा मुलामा उडतो. वाळवायला केसांचा ड्रायर पुरे, हीट गन नको. पूर्ण कोरडं झाल्यावर कनेक्टरच्या रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. ग्रीस थापून कनेक्टर भरून टाकू नका. पिनेचा हिरवा थर वायरीच्या आवरणाखाली काळा होऊन शिरलेला दिसला तर ती वायर तिथून कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा आणि नवी पिन क्रिंप करा. आणि धुताना प्रेशर वॉशरची नळी कंट्रोल बॉक्सकडे वळू देऊ नका. पावसानं होत नाही एवढं नुकसान तो एका रविवारी करतो.

प्रश्न : आमच्या जॉयस्टिकला चारच वायरी आहेत आणि सिग्नल व्होल्टेज कुठेच मिळत नाही. मोजायचं काय?
(आयटीआयचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : ती बहुधा कॅन बसची जॉयस्टिक आहे. दोन वायरी वीजपुरवठ्याच्या, दोन कॅन हाय आणि कॅन लो. दांड्याची स्थिती डिजिटल संदेशातून जाते, त्यामुळे मीटरवर ती दिसणार नाही. अ‍ॅनलायझरवर दांड्याचं वाचन टक्क्यांत पाहा : हात सोडल्यावर शून्य, टोकांना शंभर, मध्ये कुठेही उडी नाही. मीटरनं मात्र लाइन तपासता येते. मशीन पूर्ण बंद करा, बॅटरी तोडा आणि कॅन हाय-लोमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओमचे रोधक असतात, ते समांतर म्हणून ६० ओम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

प्रश्न : प्लॅटफॉर्म खाली येताना दांडा थोडा दाबला काय, पूर्ण दाबला काय, वेग सारखाच. स्टिअरिंगही एकदम झटक्यात वळतं, हळू वळवताच येत नाही. दोन्हींचं कॅलिब्रेशन करायचं आहे.
(नागपूर)

उत्तर : एकाचंही करायचं नाही. बहुतेक सीझर लिफ्ट स्वतःच्या वजनानं खाली येतात. जॉयस्टिक फक्त व्हॉल्व्ह उघडते आणि वेग ठरतो तेलाच्या वाटेतल्या छोट्या भोकावर. दांड्याच्या डोक्यावरचं अंगठ्याचं स्टिअरिंग म्हणजे दोन साधे स्विच, डावा आणि उजवा. त्यांना अर्धं-मुर्धं कळत नाही. चाकाच्या कोनाचा सेन्सर असलेल्या मशीनमध्ये त्या सेन्सरचं कॅलिब्रेशन वेगळं असतं, त्याचा जॉयस्टिकशी संबंध नाही.

प्लॅटफॉर्म वर असताना ड्राइव्ह एकदम बंद पडतं, असंही तुम्ही लिहिलं आहे. ते टिल्ट सेन्सरचं काम असू शकतं. अनेक सीझर लिफ्ट बाजूला दीड-दोन आणि पुढे-मागे तीन अंश कलल्या, की ड्राइव्ह आणि वर उचलणं थांबवतात. खड्ड्यापासून वाचवणाऱ्या खालच्या पट्ट्या पूर्ण उतरल्या नाहीत तरी तेच होतं. पट्टीखाली अडकलेला विटेचा तुकडा किंवा लाकडाची चीप काढा आणि मग पाहा.

प्रश्न : बूम सुरू होताना जोरात धक्का बसतो. बास्केटमधला माणूस घाबरतो. जॉयस्टिकचं वाचन मात्र एकदम गुळगुळीत आहे.
(पुणे)

उत्तर : वाचन गुळगुळीत आहे म्हणजे दोष जॉयस्टिकच्या पुढे आहे. थ्रेशोल्ड जास्त लावलेला असेल तर दांडा डेडबँडच्या बाहेर पडताक्षणी व्हॉल्व्हला एकदम मोठा करंट मिळतो. प्रपोर्शनल व्हॉल्व्हच्या (करंटच्या प्रमाणात उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वायरीत ओळीनं मिलिअँपिअरचा मीटर लावा आणि हालचाल नुकती सुरू होते तेव्हाचा करंट नोंदवा. तो मॅन्युअलशी जुळत असूनही धक्का बसतोय, तर व्हॉल्व्हचा स्पूल (आतला सरकणारा दांडा) घाणीनं अडतोय. आधी अडतो, मग सुटतो, तो तुमचा धक्का. तेल आणि फिल्टर पाहा. कॉइलचा रोध मोजताना ती थंड आहे की गरम हे लिहून ठेवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५० अंशांनी जास्त तापलेली कॉइल चांगली असूनही वीस टक्के जास्त दाखवते.

तुमच्याकडे बास्केटमधून वेल्डिंग चालतं असं पत्रात आहे, म्हणून एक विचारतो : अर्थिंगचा क्लँप कुठे लावता? बास्केटच्या रेलिंगला किंवा बूमला लावत असाल तर वेल्डिंगचा करंट मशीनच्या पिव्हटमधून, बेअरिंगमधून आणि जमेल तर कंट्रोलरच्या वायरिंगमधून परततो. क्लँप ज्या लोखंडावर वेल्डिंग करताय त्याच लोखंडाला, जोडाच्या शक्य तितका जवळ लावा. खुद्द मशीनवरच काही वेल्ड करायचं असेल तर आधी बॅटरी तोडा आणि कंट्रोलरचे कनेक्टर काढून ठेवा.

प्रश्न : मूळ जॉयस्टिक महाग आहे आणि यायला वेळ लागतो. बाजारात तोच कनेक्टर असलेली दुसरी मिळते. बसवली तर चालेल?
(वसई)

उत्तर : कनेक्टर तोच असणं म्हणजे काहीच नाही. सिग्नल ०.५ ते ४.५ आहे, १ ते ४ आहे की ० ते ५? सिग्नल एक की दोन? दोन असतील तर उलटे की निम्मे? ट्रिगरचा संपर्क दाबल्यावर जुळतो की तुटतो? एवढं सगळं जुळलं तरच पुढचा विचार. ० ते ५ ची जॉयस्टिक ०.५ ते ४.५ च्या जागी लावली तर टोकाला कंट्रोलर ‘वायर तुटली’ किंवा ‘शॉर्ट झाली’ असा फॉल्ट देतो, कारण ०.५ च्या खालची आणि ४.५ च्या वरची जागा त्यानं बिघाड ओळखायलाच मोकळी ठेवलेली असते. दोन सिग्नलच्या जागी एकच सिग्नल असलेली घेऊन दुसऱ्या पिनेवर जुगाड करून तोच जोडायचा, हे तर अजिबात नको. एक सिग्नल चुकला तर दुसरा त्याला पकडतो, ती सोयच त्यानं मरते.

सगळं जुळून बसवलीत तर प्लॅटफॉर्म खाली ठेवून पहिली तपासणी दिशेची करा. काही जॉयस्टिकमध्ये पुढचं टोक ०.५ ला असतं आणि मागचं ४.५ ला. भिंतीपासून दोन-तीन मीटर दूर, मोकळ्यात उभे राहा, दांडा मध्यापासून बोटभर पुढे करा आणि मशीन कुठे जातं ते पाहा. उलट गेलं तर दांडा फिरवून बसवायचा किंवा वायरी बदलायचा खटाटोप न करता ती जॉयस्टिक परत करा.